सूक्ष्मजीवांचा कारभार आणि बदलते हवामान

हवामानबदलाचा विषय निघाला म्हणजे कारखान्यांची धुराडी, रस्त्यांवरील मोटारी आणि उजाड झालेले डोंगर ही चित्रे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ते स्वाभाविकही आहे. दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत मिसळणारा कार्बन डायऑक्साइड वायू हेच पृथ्वीचे तापमान वाढण्याचे प्रमुख कारण होय. तथापि या वायूच्या पाठोपाठ ज्या दोन वायूंची नावे घ्यावी लागतात, त्या मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचा उगम फार मोठ्या प्रमाणात धुराड्यांत नसून मातीत, चिखलात, उकिरड्यात आणि जनावरांच्या पोटात आहे. तेथे हे वायू निर्माण करणारे कारागीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव.

हे सूक्ष्मजीव ज्या परिस्थितीत सापडतात, तिला अनुरूप असे काम करतात. प्राणवायू मिळाला तर एक, न मिळाला तर दुसरे. नत्र बेताचे असले तर एक, अतोनात असले तर दुसरे. ही परिस्थिती पुष्कळ अंशी शेतकरी, पशुपालक, ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या रोजच्या निर्णयांनी ठरत असते. म्हणून हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. तो गावाच्या कारभाराचाही विषय आहे.

हवेचे मूळ शिल्पकार

सूक्ष्मजीवांचे जग मानवाला दिसले त्याला अजून चार शतकेही झाली नाहीत. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासून तयार केलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब न्याहाळले आणि १६७६ साली त्यांतील चिमुकल्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविले. या जीवांची सत्ता मात्र पृथ्वीवर कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे.

पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षांचे मानले जाते. त्यांपैकी आरंभीच्या दीर्घ काळात हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. पुढे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून अन्न तयार करणारे जीवाणू उदयास आले. नील-हरित शैवाल या नावाने ते ओळखले जातात. वस्तुतः ते शैवाल नसून जीवाणूच आहेत. त्यांनी सोडलेला प्राणवायू सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साचू लागला आणि पृथ्वीचे वातावरणच पालटले. ज्यांना प्राणवायू विषासमान होता ते जीव चिखलात, तळ्यांच्या बुडाशी आणि पुढे प्राण्यांच्या आतड्यांत आश्रयाला गेले. मिथेन निर्माण करणारे जीव याच आश्रितांपैकी होत.

आजही पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचे जवळजवळ निम्मे काम समुद्रातील सूक्ष्म वनस्पती व जीवाणू करतात. त्यांतील एक अतिशय विपुल जीवाणू इतका लहान आहे की, त्याची नोंद सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली ती १९८८ साली. माणूस चंद्रावर जाऊन आला त्यानंतर १९ वर्षांनी त्याला आपल्याच समुद्रातील या प्राणवायू-निर्मात्याचा पत्ता लागला, ही गोष्ट सूक्ष्मजीवांकडे किती दुर्लक्ष झाले होते याची साक्ष देते.

चिखलातील वायू

१७७६ साली इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला आणि वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. तो वायू ज्वलनशील निघाला. आज त्यालाच मिथेन म्हणतात. जेथे ओला सेंद्रिय पदार्थ आहे आणि प्राणवायू नाही, तेथे हा वायू निर्माण होतो. एका गटाचे जीवाणू पाला, काड्या व शेण यांचे विघटन करतात. त्यांच्याकडून उरलेल्या साध्या पदार्थांवर मिथेननिर्माते जीव आपली उपजीविका करतात. हे जीव साध्या जीवाणूंहून मुळातच निराळे आहेत, असे कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवून दिले. पुढे त्या समूहाला ‘आर्किया’ हे नाव मिळाले.

भाताच्या खाचरात पाणी उभे राहिले म्हणजे हवेतील प्राणवायू मातीत उतरत नाही, आणि मिथेननिर्मात्यांना अनुकूल स्थिती लाभते. तयार झालेला वायू बहुतांशी भाताच्याच पोकळ देठांतून वर येतो. गाई-म्हशींच्या कोठीपोटातही हीच क्रिया चालते. गवतातील तंतुमय भाग जनावराला स्वतःहून पचविता येत नाही. ते काम पोटातील सूक्ष्मजीव करतात आणि त्या ओघात निघणारा मिथेन मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. माणसाला निरुपयोगी असलेल्या गवताचे दूध होते, ते याच व्यवहारामुळे. त्यामुळे येथे जनावराला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंश आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा चारा आणि त्यांचे शेण हा केवढा मोठा विषय आहे ते कळते.

निसर्गात या वायूला आवर घालणारेही सूक्ष्मजीव आहेत. चिखलाच्या वरच्या थरात आणि मुळांभोवती, जेथे थोडा प्राणवायू पोहोचतो तेथे, मिथेनवरच जगणारे जीवाणू असतात व वर येणाऱ्या वायूचा काही भाग ते वाटेतच संपवितात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांतून असे जीवाणू वेगळे करून त्यांचा अभ्यास करण्यात आला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ४० टक्के शेती व पशुपालनातून, सुमारे ३५ टक्के खनिज इंधनांच्या व्यवसायातून आणि सुमारे २० टक्के कचरा व सांडपाण्यातून येतो. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या हातचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवितो. मात्र तो हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो. म्हणून मिथेन आज कमी केला तर त्याचा लाभ चालू पिढीलाच दिसू शकतो.

नत्राची फेरी

दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड. त्याची हकिगत नत्राशी निगडित आहे. हवेत ७८ टक्के नत्र असूनही पिकांना ते थेट घेता येत नाही. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधून पिकाला देतात. हे जीवाणू १८८८ साली हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी प्रथम वेगळे केले. मातीत इतर जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात आणि प्राणवायू कमी पडला की आणखी काही जीवाणू नायट्रेटचे विघटन करून नत्र पुन्हा हवेत सोडतात. या फेरीत काही अंश नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने निसटतो. निसर्गात हे प्रमाण मर्यादित होते.

फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतील नत्रापासून प्रयोगशाळेत अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नाने १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना सुरू झाला. रासायनिक खतांनी कोट्यवधी लोकांच्या मुखी अन्न घातले, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु शेतात टाकलेल्या नत्रापैकी बहुधा निम्म्याहून कमी पिकाच्या उपयोगी पडते. उरलेले सूक्ष्मजीवांच्या हाती, विहिरीच्या पाण्यात किंवा हवेत जाते. नायट्रस ऑक्साइड हवेत शतकाहून अधिक काळ राहतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता अडविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. शेतकऱ्याच्या पैशाने घेतलेले खत अशा रीतीने त्याच्याच हवामानावर उलटते.

उलट परिणामाचे चक्र

सूक्ष्मजीव हवामान बदलतात, त्याचप्रमाणे बदलते हवामान सूक्ष्मजीवांचे काम बदलते. उष्णता वाढली की त्यांची गतीही सामान्यतः वाढते. सैबेरिया, अलास्का, कॅनडा या प्रदेशांतील कायमच्या गोठलेल्या जमिनीत जो कार्बन अडकून आहे, तो आज सबंध हवेत असलेल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे. बर्फ वितळले म्हणजे हजारो वर्षे कुजण्यावाचून राहिलेला हा साठा सूक्ष्मजीवांना खुला होतो. २०२० ते २०२२ या वर्षांत हवेतील मिथेन फार वेगाने वाढला. त्या वायूतील कार्बनच्या प्रकारांची तपासणी करता ही वाढ मुख्यतः सूक्ष्मजीवांकडूनच, विशेषतः उष्ण कटिबंधातील पाणथळ भागांतून, झाली असावी असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण ठरले. अशा तापत्या जगात हे चक्र आपोआप फिरू लागले तर ते थांबविणे मानवाच्या आवाक्याबाहेर जाईल, ही खरी चिंता आहे.

याच कारणाने २०१९ साली ३३ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन मानवजातीला इशारा दिला की, हवामानबदलाच्या विचारात सूक्ष्मजीवांना स्थान दिल्यावाचून तो विचार पुरा होणार नाही. गोठलेल्या प्रदेशांवर गावाचा ताबा नाही. परंतु गोठा, खाचर आणि उकिरडा यांवर तो निश्चित आहे.

शेण : तोटा की इंधन

ओल्या शेणाचा खोल ढीग महिनोन् महिने पडून राहिला तर त्याच्या आत प्राणवायू पोहोचत नाही आणि मिथेन तयार होऊन हवेत जातो. तेच शेण बंद टाकीत घातले तर तोच वायू चुलीला मिळतो. जळताना मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. पण तो कार्बन गवताने अलीकडेच हवेतून घेतलेला असल्याने हवेत नवी भर पडत नाही. स्लरीच्या रूपाने उरलेले खत शेताला मिळते ते वेगळेच.

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून वायू मिळविण्याची व्यवस्था १८९७ साली झाली होती. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस संयंत्रांचा प्रसार हाती घेतला आणि १९८१-८२ पासून केंद्र शासनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या वायुसंयंत्रांचा ध्यास घेऊन आरोग्य, इंधन व खत या तिन्ही गोष्टी एका सूत्रात बांधल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्रीने गौरविण्यात आले.

तथापि या क्षेत्रातील अपयशही झाकून ठेवण्याजोगे नाही. अनेक गावांत संयंत्रे बांधली गेली, अनुदान मिळाले आणि काही वर्षांत ती बंद पडली. एक घनमीटर वायूसाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. दोन जनावरांच्या घरी मोठे संयंत्र बांधले तर ते उपाशी राहणारच. थंडीत मिथेननिर्माते मंदावतात आणि वायू कमी मिळतो, हे आधी सांगितले नाही तर घरधन्याचा विश्वास उडतो. घुमटाला तडा गेला, नळी फुटली आणि दुरुस्ती झाली नाही, तर वायू न जळता हवेत जातो. गळके संयंत्र हवामानाच्या दृष्टीने उकिरड्याहूनही वाईट ठरू शकते. म्हणून किती संयंत्रे बांधली यापेक्षा पाच वर्षांनी किती चालू आहेत, हा आकडा ग्रामपंचायतीच्या दप्तरी असणे अधिक महत्त्वाचे आहे.

खाचरातील पाणी आणि युरिया

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने खाचर आळीपाळीने ओले व कोरडे ठेवण्याची पद्धत प्रसृत केली. छिद्रे पाडलेली एक नळी शेतात रोवून आतील पाण्याची पातळी पाहावयाची. पाणी जमिनीखाली सुमारे १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यावयाचे, आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र शेत कोरडे पडू द्यावयाचे नाही. मधल्या कोरड्या दिवसांत मातीत प्राणवायू शिरतो व मिथेननिर्मात्यांचे काम थांबते. पुष्कळ ठिकाणी यामुळे मिथेन जवळजवळ निम्म्याने घटलेला आढळला असून पाणीही वाचते. कोकणात आषाढ-श्रावणातील मुसळधार पावसात शेतकऱ्याच्या हाती पाण्याचे नियंत्रण नसते. त्यामुळे ही पद्धत मुख्यतः कालव्याच्या अथवा विहिरीच्या पाण्यावरील उन्हाळी भाताला लागू पडते. शिवाय शेत कोरडे-ओले होत असता नायट्रस ऑक्साइड वाढण्याचा संभव असल्याने नत्राची मात्रा बेताची असणे अगत्याचे आहे.

नत्र कसे द्यावे याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. उभ्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. काही भाग चिखलाच्या वरच्या पातळ थरात नायट्रेट होतो आणि खाली झिरपून वायुरूपाने नष्ट होतो. खोल चिखलात मात्र प्राणवायू नसल्याने नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना कामच करता येत नाही. नत्र अमोनियाच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना पुरवून पुरवून मिळते. येथे सूक्ष्मजीवांशी झगडा केलेला नाही. केवळ त्यांच्या स्वभावाची ओळख करून घेतली आहे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियावर निंबोळी तेलाचे आवरण देणे बंधनकारक झाले, त्यातही नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंची गती मंदावणे हाच एक हेतू आहे.

तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग ही पिके तर गाठींतील जीवाणूंच्या साह्याने आपले नत्र पुष्कळ अंशी स्वतःच मिळवितात. पेरणीपूर्वी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू संवर्धन चोळून बी सावलीत सुकविण्याची शिफारस जुनीच आहे. मात्र सोयाबीनचे संवर्धन हरभऱ्याला चालत नाही, मुदत संपलेले पाकीट निरुपयोगी असते आणि ते उन्हात ठेवले तर जीवाणू मरतात. जिवंत वस्तूचा व्यवहार जिवंत वस्तूसारखाच सांभाळून झाला पाहिजे, ही जाणीव दुकानदारापासून गोदामपालापर्यंत सर्वांना असणे आवश्यक आहे.

कचरा

ओला कचरा प्लास्टिकबरोबर एका खड्ड्यात दाबला की त्याच्या पोटात मिथेननिर्माते कामाला लागतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईच्या देवनार कचराभूमीला मोठी आग लागली आणि तिच्या धुराने शहरातील लोकांना दिवसेंदिवस त्रास झाला. अशा ढिगांत साचणारा मिथेन आगीला खाद्य पुरवितो. आज मोठी होत चाललेली गावे शहरांचीच वाट चालत आहेत. ओढ्याकाठी किंवा गायरानात कचऱ्याचा डोंगर उभा राहण्यापूर्वीच ओला कचरा घरातून वेगळा घेणे आणि उथळ वाफ्यांत वरचेवर खालीवर करून त्याचे कंपोस्ट करणे, हे ग्रामपंचायतीला कमी खर्चात साधण्यासारखे आहे. हवा खेळती राहिली म्हणजे कुजविण्याचे काम प्राणवायूवर जगणारे जीवाणू करतात. मिथेन फारसा होत नाही आणि दुर्गंधीही सुटत नाही.

गावाचा वाटा

एका गावाने एवढे केल्याने जगाचे हवामान सुधारेल काय, असा प्रश्न रास्त आहे. एका गावाने ते सुधारणार नाही, आणि कोळसा व तेल यांचा वापर घटविण्याची मोठी जबाबदारी श्रीमंत राष्ट्रांवर व मोठ्या उद्योगांवर आहे, ती यामुळे हलकी होत नाही. परंतु येथे गावाला परोपकारासाठी झीज सोसावयास सांगितलेले नाही. हवेत गेलेला मिथेन म्हणजे हातचे गेलेले इंधन. हवेत गेलेले नत्र म्हणजे वाया गेलेले खत. त्या दोन्हींची किंमत शेतकरी आजही मोजतो आहे. शिवाय लांबलेला पाऊस, अवेळची गारपीट आणि वाढता उन्हाळा यांचा फटका प्रथम बसतो तोही त्यालाच.

शाळांतून हे ज्ञान सहज देता येईल. सोयाबीनचे किंवा भुईमुगाचे रोप हलकेच उपटून मुळावरील गाठ नखाने फोडली आणि आतून ती गुलाबी दिसली, तर तेथील जीवाणू नत्र बांधीत आहेत असे समजावे. गाठी नसतील किंवा आतून हिरवट-करड्या असतील तर काही उणे आहे. ही तपासणी मुले स्वतःच्या वडिलांच्या शेतात करू शकतात आणि तिचा निष्कर्ष कृषी सहायकाला सांगू शकतात. ग्रामसभेत वर्षातून एकदा चालू व बंद संयंत्रांची यादी, युरियाचा एकूण खप आणि ओल्या कचऱ्याची व्यवस्था या तीन गोष्टी वाचून दाखविल्या, तर आपले गाव हवेत काय पाठवीत आहे याचा अंदाज सर्वांनाच येईल. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या ग्रामसभेपासून आरंभ करता येईल.